गुण आला, पण कशाने?

आजारी माणूस उठून बसला की घरात प्रत्येकाकडे त्याचे वेगळे कारण तयार असते. एक जण म्हणतो, डॉक्टरांच्या गोळीने गुण आला. दुसरा म्हणतो, खालाजानने दिलेला काढा लागू पडला. तिसरा दम केलेल्या पाण्याचे नाव घेतो. चौथ्याचे म्हणणे असे की ताप तीन दिवसांचाच होता, तो आपोआप उतरणारच होता. शिफा देणारा अल्लाह आहे, ही आपली श्रद्धा आहे. त्यानेच या जगात कारणे निर्माण केली आहेत आणि आजारावर उपचार करून घ्या, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. मग या चौघांपैकी खरे कारण कोणते आणि कोणते नुसते शेजारी उभे होते, हे ओळखायचे कसे?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर जीव अवलंबून असतो. कुणाच्या सांगण्यावरून साखरेची गोळी बंद करणारी आई आणि दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून टीबीचे औषध सोडून देणारा तरुण, दोघेही याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर देत असतात. बरोबर उत्तर काढण्याची रीत वैद्यकाला एकट्याने सापडली नाही. त्यासाठी रुग्णालय लागले आणि गणितही लागले. या तिघांची गाठ कशी पडली आणि त्यातून आपल्या घरासाठी काय घेण्यासारखे आहे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

हिशोबी माणसांचे बगदाद

हिजरी तिसऱ्या शतकातले बगदाद हे हिशोबाचे शहर होते. भारतातून गेलेले अंक अल्-ख्वारिझमी यांनी तेथे समजावून सांगितले. त्यांच्या बीजगणितावरील प्रसिद्ध ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीच्या उदाहरणांनी भरलेला आहे. मुलीचा हिस्सा किती, पत्नीचा किती, मृत्युपत्र असेल तर काय, अशा घरगुती प्रश्नांतून ते गणित वाढले.

त्याच शहरात अल्-किंदी यांनी गणित औषधांना लावले. त्या काळचे हकीम औषधांना 'गरम' आणि 'थंड' म्हणून दर्जे देत. पहिल्या दर्जाचे गरम, दुसऱ्या दर्जाचे गरम, असे चौथ्यापर्यंत. पण दुसरा दर्जा पहिल्यापेक्षा नेमका किती जास्त, हे कुणी सांगत नसे. अल्-किंदी यांनी नियम मांडला की प्रत्येक पायरीला प्रमाण दुप्पट होते. पहिल्या दर्जात उष्णता शीतलतेच्या दुप्पट, दुसऱ्यात चौपट, तिसऱ्यात आठपट आणि चौथ्यात सोळापट. अनेक औषधे एकत्र केली तर मिश्रणाचा दर्जा काय होईल, हे मग बेरीज करून काढता येऊ लागले. गरम-थंडाची ती उपपत्ती आज वैद्यकात उरलेली नाही. तरी 'औषध द्या' म्हणण्याऐवजी 'किती द्या' असा प्रश्न आकड्यात विचारणे हे मोठे पाऊल होते. हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या वैद्यांनी त्याचा अभ्यास केला.

रुग्णालय, म्हणजे त्या काळचे बीमारिस्तान, ही याच्या जोडीची दुसरी गोष्ट. गणिती साबित इब्ने कुर्रा यांचे पुत्र सिनान इब्ने साबित हे स्वतः भूमितीचे जाणकार होते आणि बगदादच्या रुग्णालयांची देखरेख त्यांच्याकडे होती. वजीर अली इब्ने ईसा यांनी त्यांना कळवले की तुरुंगात गर्दीमुळे कैदी आजारी पडतात, तेव्हा तेथे रोज वैद्य आणि औषधे पाठवा. ज्या गावांत वैद्य नाही तेथे फिरते पथक पाठवण्याची व्यवस्थाही झाली. इ.स. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावल्याचे खलीफा मुक्तदिर यांच्या कानावर गेले. सिनान यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कुणी वैद्यकी करू नये, असा हुकूम निघाला. नामांकित वैद्य वगळूनही परीक्षेला आठशे साठहून अधिक जण होते, असे इतिहासकार इब्ने अबी उसैबिआ नोंदवतात.

रुग्णालयाने संशोधनाला जे दिले ते घरोघरी फिरणाऱ्या हकीमाला मिळणे शक्य नव्हते. एकाच आजाराचे अनेक रुग्ण तेथे एका छपराखाली, एकाच वेळी, रोज डोळ्यांसमोर असत.

राझी यांचे दोन गट

या सोयीचा उपयोग अबू बक्र मुहम्मद इब्ने जकरिया राझी यांनी ज्या तऱ्हेने केला, ती आजही वैद्यकाच्या इतिहासात सांगितली जाते. राझी (सुमारे ८६५ ते ९२५) हे रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचे प्रमुख होते. देवी आणि गोवर या दोन आजारांतला फरक स्पष्ट करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

सरसाम म्हणजे मेंदूच्या सुजेचा आजार. डोके आणि मान दुखणे, उजेड नकोसा होणे, झोप न लागणे ही त्याची चाहूल. अशा वेळी शीर तोडून रक्त काढावे, असा त्या काळचा उपाय होता. राझी यांनी एका गटाचे रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही. निष्कर्ष मिळावा म्हणूनच आपण असे केले, असे त्यांनी स्पष्ट नोंदवून ठेवले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिला गट वाचला आणि दुसऱ्या गटाला सरसाम झाला.

ही नोंद त्यांच्या 'अल्-हावी' या प्रचंड संग्रहात आहे. राझी यांच्या टिपणांचा हा संग्रह त्यांच्या निधनानंतर तयार झाला. त्याची अरबी आवृत्ती १९५५ पासून तेवीस भागांत छापली ती हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने. तेव्हा आपला मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता.

राझी यांचा निष्कर्ष आज कुणी मानणार नाही. मेंदूच्या सुजेवर रक्त काढणे हा उपाय नाही. मग निष्कर्ष चुकला तरी रीत का आठवायची? कारण 'मी रक्त काढले आणि रुग्ण वाचला' एवढ्यावर ते थांबले नाहीत. 'काढले नसते तर काय झाले असते?' हा दुसरा प्रश्न त्यांनी विचारला. सगळ्या वैद्यकीय संशोधनाचा पाया हा दुसरा प्रश्नच आहे.

राझी यांची आणखी एक गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. बगदादमध्ये रुग्णालयासाठी जागा निवडायची होती, तेव्हा त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा सडले ती जागा निवडली. पण ही कथा ज्या अदुदी रुग्णालयाशी जोडली जाते, ते उभे राहिले इ.स. ९८२ च्या सुमारास. राझी त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी निवर्तले होते. म्हणजे त्या रुग्णालयापुरती तरी ही कथा टिकत नाही. राझी यांची थोरवी अशा कथेवर अवलंबून नाही. आणि जो हिशोब आपण दुसऱ्यांच्या दाव्यांना लावतो, तो आपल्या अभिमानाच्या गोष्टींनाही लावला पाहिजे.

त्यांच्यानंतर इब्ने सीना यांनी औषध पारखण्याचे नियमच लिहून ठेवले. औषध शुद्ध असावे, ते एकाच साध्या आजारावर तपासावे, परिणाम किती वेळाने दिसतो ते पाहावे आणि तो परिणाम पुन्हा पुन्हा दिसला तरच औषधाचा मानावा. एकदाच दिसला तर तो योगायोग असू शकतो. औषधाची खरी परीक्षा माणसावरच होते, प्राण्यावर दिसलेला परिणाम माणसावर दिसेलच असे नाही, हेही त्यांनी सांगितले.

चिठ्ठी कुणाच्या नावाची?

तरीही राझी यांच्या रीतीत एक उणीव होती. कोणता रुग्ण कोणत्या गटात घालायचा, हे कुणी ठरवले? वैद्याने ठरवले तर नकळत धडधाकट माणसे एका गटात आणि खंगलेली दुसऱ्यात जाऊ शकतात. मग फरक औषधाचा की माणसांच्या मूळ ताकदीचा, हे कळत नाही. शिवाय दोन गटांत फरक दिसला तरी तो निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसू शकतो, हे मोजण्याचे गणित तेव्हा तयार झालेले नव्हते.

पहिल्या अडचणीवरचा तोडगा आपल्याला परका वाटू नये. सर्वांचा हक्क सारखा असेल तेव्हा कुरआ, म्हणजे चिठ्ठी टाकण्याची रीत आपल्या परंपरेत आहे. हजरत मरयम (अ.) यांचा सांभाळ कुणी करावा यासाठी लेखण्या टाकल्याचा उल्लेख कुरआनात आहे. प्रवासाला निघताना सोबत कोणती पत्नी येईल हे प्रेषित (स.) चिठ्ठीने ठरवत, असे हदीसमध्ये येते. चिठ्ठी कुणाचे तोंड पाहत नाही. तिच्यामुळे पक्षपात होत नाही आणि कुणाची नाराजी राहत नाही.

वैद्यकात ही चिठ्ठी पक्की रुजवली ती ब्रिटनच्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण तरुणपणी क्षयरोगाने गाठले आणि ते संख्याशास्त्राकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले, पण ते फार थोडे उपलब्ध होते. सर्वांना पुरणार नव्हतेच. मग १०७ रुग्णांची विभागणी बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी झाली. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळची नेहमीची विश्रांती. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ जण दगावले होते आणि दुसऱ्या गटात १४. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी, असे गणिताने सांगितले. १९४८ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला.

पण हिशोब येथे थांबला नाही, हे विशेष. काही महिन्यांतच दिसले की अनेक रुग्णांच्या जंतूंवर हे औषध चालेनासे झाले आहे. पुढच्या वर्षांत दोन्ही गटांतील फरक बराच कमी झाला. त्यातून धडा मिळाला की क्षयावर एकटे औषध पुरत नाही; दोन-तीन औषधे एकत्र आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी लागतात. आज टीबीच्या रुग्णाला 'बरे वाटले तरी गोळ्या सोडू नका' असे सांगतात, त्यामागे हा हिशोब आहे.

घर बरे की सॅनिटोरियम?

त्या काळी क्षयरोग्याला घरापासून दूर सॅनिटोरियममध्ये ठेवत. मिरजेजवळची वानलेसवाडी अशाच सॅनिटोरियमसाठी ओळखली जाई. पण भारतात रुग्ण लाखोंनी आणि खाटा थोड्या. गरिबाने करायचे काय?

१९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याने हाच प्रश्न हाती घेतला. शहराच्या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले रुग्ण चिठ्ठीने दोन गटांत विभागले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवले. तेथे चांगला आहार, विश्रांती आणि परिचारिकांची देखभाल होती. दुसरा गट आपल्याच खोलीत, आपल्याच जेवणावर राहिला. औषधे दोन्ही गटांना तीच, एक वर्षभर. निकाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. सॅनिटोरियमच्या गटात ९२ टक्के आणि घरच्या गटात ८६ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाल्याचेही आढळले नाही.

या आकड्यांनी जगभरची पद्धत बदलली. आईला मुलांपासून वर्षभर तोडण्याची, कमावत्या माणसाला डोंगरावर पाठवण्याची गरज उरली नाही. औषध नियमित मिळाले तर गरिबाची खोलीही उपचाराला पुरते, हे सिद्ध झाले.

गडचिरोलीचे मणी

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण याहून जवळचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथे लहान मुले न्यूमोनियाने मरत होती. तान्ह्या बाळाने मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेतले तर धोका समजावा, हा नियम होता. पण फारशी न शिकलेली दाई साठपर्यंत मोजणार कशी? म्हणून मण्यांचे एक साधे यंत्र बनवले गेले. सोबत मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर बाळाला उपचार हवा. तसबीह ओढणाऱ्या आपल्या आजी-नानींना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे नवजात बाळांसाठी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, आईला अंगावर पाजण्यास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही त्यांची कामे. तुलनेसाठी ४७ गावे नेहमीच्या सरकारी व्यवस्थेवर होती. सुरुवातीला ३९ गावांत दर हजारी सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. येथे गावे चिठ्ठीने निवडलेली नव्हती, तरी शेजारच्या गावांशी तुलना असल्यामुळे 'काळाबरोबर आपोआप सुधारले असेल' या शंकेला जागा उरली नाही. १९९९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासू लागल्या. आशाताई दारात आली तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. तिच्या वहीमागे गडचिरोलीच्या बाळांचा हिशोब आहे.

रोजा आणि साखर

आता थेट आपल्या दस्तरखानाशी संबंधित संशोधन. रमजानमध्ये मधुमेह असलेली माणसे रोजा ठेवतात तेव्हा काय होते? २००१ साली भारतासह तेरा देशांत १२,२४३ मधुमेहींची पाहणी झाली. टाइप टू मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के जणांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. रुग्णालयात न्यावे लागेल इतकी साखर उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात इतर महिन्यांच्या तुलनेत सुमारे साडेसात पट झाले. लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्यांत, म्हणजे टाइप वन मधुमेहात, ते पावणेपाच पट वाढले.

हे आकडे नीट वाचावेत. टाइप टूमध्ये इतर महिन्यांत हजारात चार जणांवर अशी वेळ येई. रमजानमध्ये शंभरात तिघांवर आली. म्हणजे बहुतेकांना असा गंभीर त्रास झाला नाही, पण धोका खरा आहे आणि तो काही जणांना जास्त आहे. ते 'काही जण' कोण, हे डॉक्टर सांगू शकतात. म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधी त्यांना भेटावे, गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्याव्यात, रोजात साखर तपासत राहावे. ती सत्तरच्या खाली उतरली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आजाऱ्याला सूट खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेताना मन खट्टू करण्याचे कारण नाही.

आपल्या घरात काय करावे?

मोबाइलवर रोज संदेश येतात. अमक्या पाल्याने साखर गेली, तमक्या तेलाने गुडघे बरे झाले, 'हजारो रुग्णांना गुण'. पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. एकूण किती जणांनी घेतले? त्यांपैकी किती जणांना गुण आला नाही? ज्यांनी घेतले नाही, तसल्याच रुग्णांचे काय झाले? आणि हे मोजले कुणी, विकणाऱ्याने की दुसऱ्याने? उत्तर मिळत नसेल तर तो दावा तेथेच ठेवावा. मध, कलौंजी, हिजामा यांबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि राहील. पण त्यांच्या भरवशावर इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा टीबीची गोळी बंद करू नये. जे काही घेत असाल ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. दुआ आणि औषध दोन्ही चालू ठेवता येतात.

शेवटची गोष्ट थोडी नाजूक आहे. दुसरा गट हवा, हे पटले तरी मनात येते की आपल्याच माणसाला कुणी त्या गटात टाकले तर? ही भीती निराधार नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगात औषध न मिळालेल्यांना आपण प्रयोगात आहोत हे सांगितलेही नव्हते. आज तसे चालत नाही. भारतातल्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीत रुग्णाला समजेल त्या भाषेत सर्व सांगून लेखी संमती घ्यावी लागते, नीतिविषयक समितीची मंजुरी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. नाही म्हणण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. तेव्हा विचारणा झाली तर घाबरून पळू नये आणि न वाचता अंगठाही उठवू नये. कागद मागावा, घरी आणून वाचावा, शंका विचाराव्यात, मग ठरवावे.

कारण ज्या वस्तीतली माणसे मोजणीत नसतात, त्या वस्तीच्या अडचणी कुणाच्या वहीत येत नाहीत. रोज्यातल्या साखरेचा हिशोब लागला, तो बारा हजार मधुमेहींनी आपली माहिती दिली म्हणून. मद्रासच्या गरिबांनी आणि गडचिरोलीच्या आयांनी दिली, म्हणून आपली मुले घरात राहून बरी होतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्यासाठी दुआ करणे आपले कर्तव्य आहे. अल्लाह आपल्या घरच्या सर्व रुग्णांना शिफा देवो आणि आपल्याला योग्य कारण ओळखण्याची समज देवो. आमीन.